न वाजणाऱ्या खुर्च्या

५ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या वकीलबाईंनी करारनाम्याची प्रत परत पाठवली आहे. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न : "हा मजकूर कोणाचा?"

मजकूर माझा. बाबांनी अटी सांगितल्या आणि मी त्यांना भाषा दिली. "उभय पक्षांच्या परस्परविश्वासाच्या भक्कम पायावर" हे शब्द तेव्हा मला अत्यंत शोभिवंत वाटले होते. सायंकाळी फोनवर वकीलबाई म्हणाल्या, "निबंधाला पैकीच्या पैकी गं. पण पाया कमी आणि तारीख ठळक असती, तर माझं काम हलकं झालं असतं." तारीख मी घातली आहे, ती पायाच्या खालोखालच आहे. हे त्यांना सांगण्याचा धीर मात्र झाला नाही.

काल आत्याने प्रकरण काय आहे असे विचारले, तेव्हाही मला धड सांगता आले नाही. कागदावर जमते का पाहते. बाबा खुर्च्या तयार करतात : सांगाडा, स्प्रिंगा, फोम, वरचे कापड, सर्व काही. गेल्या वर्षी त्यांनी नाट्यगृहासाठी तीनशे खुर्च्या केल्या. मालकांनी चौथा हिस्सा आगाऊ दिला. उरलेली रक्कम खुर्च्या बसवल्यापासून महिन्याच्या आत द्यायची होती. खुर्च्या बसल्या, महिना गेला, आणि मालकांनी कळवले की खुर्च्या करकरतात, सबब पैसे मिळणार नाहीत. म्हणून हा दावा.

आज सोमवार असल्यामुळे आई मावशीकडे गेली होती आणि बाबा पिशवी घेऊन कुठेसे. दोघेही नसताना फोमवाले आले. त्यांचेही पैसे बाबांकडे अडकले आहेत. "बाबा घरी नाहीत, उद्या या" एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणाले, "बसा." ते दुपारभर बसले. आमच्या घरची खुर्ची अतिशय आरामशीर आहे, असे जाताना त्यांनी आवर्जून सांगितले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

फोमवाल्यांचा निरोप बाबांनी जेवताना सांगितला. एप्रिल संपेपर्यंत पैसे न मिळाल्यास ते कारखान्यातले मोठे शिलाईयंत्र उचलून नेणार आहेत. जाड कापड त्या एकाच यंत्रावर शिवले जाते. ते गेले की कारखाना म्हणजे नुसती मोकळी खोली.

बाबा म्हणाले, "त्याचं चुकतंय कुठे? माल दिलाय त्याने."

"तुमच्या लेखी सगळ्यांचंच बरोबर," आई म्हणाली. "चुकले ती एक मी. तुमच्याशी लग्न केलं."

बाबा हसले. मला हसू आले नाही. यंत्र नसलेले बाबा कसे दिसतील, याची मी कल्पना करत होते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी वीज गेली. मेणबत्त्यांचे पुडके मी स्वतः गेल्या आठवड्यात आणले होते; खणात केवळ वेष्टन सापडले. आई घाईने म्हणाली, "उंदरांनी खाल्ल्या असतील." आमच्या घरी उंदीर नाहीत.

ती नुकतीच मावशीकडून परतली होती आणि अंधारातच गुडघे चोळत बसली होती. "काय ती ऊठबस बाई मावशीकडची! गुडघ्यांचं पार भुस्कट झालं." मावशी इतकी कामे सांगते, हे मला ठाऊक नव्हते.

बाबा त्यानंतर थोड्या वेळाने आले. वीज आल्यावर मी पाहिले, तर त्यांच्या विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवर धूळ होती. नुसती लागलेली नव्हे, दाबून बसलेली. मनुष्य गुडघे केव्हा टेकतो, याचा मी बराच वेळ विचार केला. बाबा कोणा सावकाराच्या पायाशी बसून मुदत मागत असावेत, याखेरीज दुसरा अर्थ मला लागत नाही. त्यांना विचारण्याचे धाडस माझ्यात नाही. आईला हे कळता कामा नये.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा धूळ. आज कोपरांवरही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आजचे सर्व क्रमाने लिहिते.

न्यायालयाच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. मालक समोरून आले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "प्रकृती कशी आहे? खोकला गेला का?" बाबांनीही त्यांच्या जावयाची चौकशी केली. मालक दुष्ट दिसत नाहीत, ही माझी मोठी अडचण आहे.

बाबांची साक्ष मागच्या तारखेला झाली होती. आज मालकांच्या वकिलांनी नाट्यगृहातल्या पडदेवाल्या काकांना उभे केले. पडदा ओढणे आणि किल्ल्या सांभाळणे ही त्यांची कामे. मालकांचे नोकर असल्यामुळे ते बिचारे घाबरलेले होते.

वकिलांनी विचारले, "वादी खुर्च्या बसवल्यानंतर पुन्हा नाट्यगृहात आले होते का?"

"येतात की. दर सोमवारी. सोमवारी खेळ नसतो."

"कशाला येतात?"

"खुर्च्या तपासायला. जी करकरते तिच्या सांध्यात मेण घासतात, पेच आवळतात. दुपारभर खाली वाकून असतात."

मला मेणबत्त्या आठवल्या. त्यानंतर गुडघे. वकीलबाईंची मान इतक्या वेगाने बाबांकडे वळली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. मालकांच्या लेखी तक्रारीला वकीलबाईंनीच उत्तर दिले होते की खुर्च्यांत मुळात कोणताही दोष नाही.

"एकटेच येतात?" मालकांच्या वकिलांनी विचारले. त्यांचा स्वर आता लग्नघरासारखा झाला होता.

"नाही साहेब. बाई असतात ना बरोबर. बाई प्रत्येक खुर्चीत बसतात, उठतात, आणि हे ऐकतात. यांना एका कानाने जरा कमी ऐकू येतं. म्हणून खुर्ची वाजली की बाई टाळी वाजवतात."

सगळे हसले. न्यायाधीशांनीही तोंडावर हात धरला. आईने पदर सावरला आणि छताकडे पाहिले. मावशीच्या घरची ऊठबस तीनशे खुर्च्यांची होती तर.

मालकांचे वकील म्हणाले, "म्हणजे माल सदोष होता, हे वादी स्वतःच कृतीने कबूल करतात." मला वाटले, संपले. वकीलबाई कागद चाळत होत्या, परंतु त्यांना काही सापडत नव्हते हे मागूनही दिसत होते.

न्यायाधीशांनी बाबांना पुन्हा बोलावले. "पैसे मिळाले नसताना तुम्ही दुरुस्तीला का जात होता?"

"करारात आहे साहेब. एक वर्ष देखभाल माझ्याकडे. नवं लाकूड बसेपर्यंत बोलतंच. चार-सहा महिने त्याच्या मागे राहावं लागतं."

"पण पैसे दिले नव्हते ना त्यांनी?"

बाबा जरा गोंधळले. प्रश्न त्यांना खरोखरच कळला नसावा. "पैसे मालकांनी थकवलेत साहेब. बसणाऱ्यांनी नाही. त्यांनी तर तिकीट काढलेलं असतं."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. मग पडदेवाल्या काकांना विचारले, "खुर्च्या आता वाजतात का?"

काकांनी मालकांकडे पाहिले, मग आईकडे. "आता बसल्याचं कळतसुद्धा नाही."

बाहेर वकीलबाईंनी बाबांना कोपऱ्यात घेतले. "काका, मला सांगायचं तरी! मी तिथे तोंडघशी पडले ना!"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाबा म्हणाले. "आणि तुम्ही नको म्हणाला असतात."

घरी येताना मी आईला म्हणाले की मला सांगायला हवे होते. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू करारनामा काढून वाचत बसली असतीस. आणि मेणबत्त्या महाग झाल्यात, त्यांच्या हिशेबानेच मला आधी धडकी भरली होती."

करारातले देखभालीचे कलम मी शेवटी, फारशा उत्साहाशिवाय लिहिले होते. त्यात एकही शोभिवंत शब्द नाही.

१२ मार्च, सोमवार

निकाल आमच्या बाजूने लागला. करारानुसार देखभाल झाली, माल आज निर्दोष आहे, उरलेली रक्कम खर्चासह द्यावी, असा हुकूमनामा झाला. आत्याने फोनवरून आनंदाने आरोळी ठोकली. बाबा ऐकून "बरं झालं" म्हणाले आणि सोमवार असल्याने पिशवी उचलून निघाले. आई त्यांच्या मागोमाग, मावशीचे नाव न घेता.

२९ मार्च, गुरुवार

एक पैसाही आलेला नाही. मी समजत होते की निकाल म्हणजे शेवट; परीक्षेच्या निकालानंतर कोणी पुन्हा उत्तरपत्रिका मागत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "निकाल म्हणजे कागद गं. तो वसूल करायला वेगळी दरखास्त द्यावी लागते. मग न्यायालयाचा बेलिफ जाऊन माल जप्त करतो."

मालक बाबांना रस्त्यात भेटले. "देतो हो, पळून चाललोय का मी?" असे म्हणून त्यांनी बाबांना चहा पाजला. चहाचे पैसे बाबांनी दिले.

६ एप्रिल, शुक्रवार

दरखास्त मंजूर झाली. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, जप्ती. नाट्यगृहात विकण्याजोगी वस्तू एकच : खुर्च्या. जप्तीच्या वेळी आमच्या बाजूच्या कोणीतरी हजर राहून बेलिफला माल दाखवायचा असतो. बोट दाखवून "हा तो माल" म्हणायचे.

बाबांनी साफ नकार दिला. "मी जाणार नाही. उपटून ट्रकमध्ये फेकतील. सांधे सैल होतात त्याने."

"मग यंत्र जाऊ दे आपलं?" आईचा आवाज चढला.

"मी कुठे जाऊ दे म्हणतोय? मी फक्त बघणार नाही."

आईचे गुडघे सुजलेले आहेत. नाट्यगृहाच्या पायऱ्या ती आता चढू शकत नाही. मग दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिले. मी पुस्तक वर धरले, परंतु फार उशिरा.

१३ एप्रिल, शुक्रवार

वाचनालयात पुस्तकाची मुदत वाढवून मागायची असेल, तर मी दंड भरते, पण खिडकीशी बोलत नाही. असे असताना उद्या मला चारचौघांत बोलायचे आहे. वाक्य तयार केले आहे : "मी वादीची कन्या असून, समोर दिसणाऱ्या खुर्च्या हाच प्रस्तुत हुकूमनाम्याच्या वसुलीस पात्र असा माल होय." आरशासमोर म्हणून पाहिले. "होय" पाशी आवाज बसतो.

१४ एप्रिल, शनिवार

बेलिफ हे गृहस्थ सडपातळ, सर्दी झालेले आणि मुळीच भीतिदायक नसलेले निघाले. बाहेर ट्रक उभा होता, दोन हमाल होते. तिकीटखिडकीवर संध्याकाळच्या खेळाची "सर्व जागा भरल्या" अशी पाटी होती. वकीलबाईंनी मुद्दामच आजचा वार मागून घेतला होता, हे मला आत्ता लिहिताना सुचते आहे.

मालक आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तू कशाला या भानगडीत? बाबांना समजाव. आपली घरचीच माणसं आहोत. सोमवारी बसून बोलू." मी जवळजवळ "बरं" म्हणाले होते. खरोखर म्हणाले असते, परंतु त्याच वेळी बेलिफ शिंकले आणि त्यांनी रुमालातूनच विचारले, "वादीतर्फे कोण? माल दाखवा."

माझे वाक्य नाहीसे झाले. कर्ता, कर्म, क्रियापद, काहीही उरले नाही. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या."

बेलिफनी लिहून घेतले. "मालक, खुर्चीची किंमत किती धरू?"

मालक फुरंगटून म्हणाले, "काय धरायचीय ती धरा. भंगार आहे. मी न्यायालयातही हेच सांगितलंय."

"भंगारच्या भावाने धरतो मग." बेलिफनी मनाशी गणित केले. "तर सगळ्या तीनशे उचलाव्या लागतील. येणं वसूल होईल एवढा माल न्यायचा, असा नियम आहे. किंमत कमी, तर माल जास्त. ए, त्या कोपऱ्यापासून घ्या रे."

हमाल पुढे झाले. मालक आडवे आले. "अहो, थांबा, थांबा! संध्याकाळी लोक कुठे बसवू मी? माझ्या मांडीवर?"

"ते मी कसं सांगणार? किंमत तुम्हीच सांगितलीत." मग बेलिफ माझ्याकडे वळले. "ताई, तुमचं म्हणणं काय? किती धरू?"

करारातली किंमत मला पाठ होती, कारण ती मीच अक्षरी आणि अंकी लिहिली होती. मी ती सांगितली. तेवढीच, दुसरे काही मला सुचले नाही.

बेलिफनी पुन्हा गणित केले. "या भावाने रांगा बऱ्याच जातील. निम्म्याहून जास्त."

"एवढ्याला?" मालक ओरडले. "या भावात आज नुसता सांगाडा तरी मिळतो का? बाजारात विचारा! दीडपट धरा, दुप्पट धरा! लाकूड बघा, शिवण बघा. तीनशेत एक टाका उसवलेला दाखवा मला."

"पण वाजतात ना?" बेलिफनी कागद उलटून पाहिला. "इथे तुमच्या जबाबात आहे."

"कोण म्हणतं वाजतात? बसा तुम्ही. बसून बघा!"

बेलिफ बसले. उठले. पुन्हा बसले, या वेळी जोरात. पडद्याच्या फटीतून पडदेवाले काका पाहत होते. रिकाम्या सभागृहात काहीही ऐकू आले नाही. फक्त बेलिफ शिंकले.

"छान आहे," ते म्हणाले. "दुप्पट लिहितो. सही करा. म्हणजे मागच्या काही रांगांवर भागेल."

मालकांनी सही केली आणि मग त्यांच्या ध्यानात आले की मागच्या रांगांचीही तिकिटे विकली गेली आहेत. ते बराच वेळ त्या रांगांकडे पाहत राहिले. शेवटी तिकीटखिडकीतला गल्ला आणला गेला, घरून एक थैली मागवली गेली, आणि सर्व रक्कम, खर्चासह, बेलिफच्या समोर मोजून झाली. पावती झाली. ट्रक रिकामा गेला.

मी तेथे एक शब्द आणि एक रक्कम, एवढेच बोलले. पाठ केलेले वाक्य वाया गेले. वकीलबाई माझ्या जागी असत्या, तर त्यांनी कितीतरी मुद्दे मांडले असते. सर्व काम वास्तविक बेलिफनीच केले; माझा विशेष उपयोग झाला नाही.

घरी बाबा दारातच उभे होते. मला वाटले, ते पैशांचे विचारतील. त्यांनी विचारले, "उपटल्या का?"

"एकही नाही. पैसे दिले सगळे."

आई मटकन खाली बसली आणि लगेच "आई गं" म्हणून गुडघे धरून उठली. बाबा तसेच उभे. "काय म्हणाला तो?"

"पैसे देताना?"

"खुर्च्यांना काय म्हणाला?"

मी सांगितले. शिवण, लाकूड, दुप्पट किंमत, तीनशेत एक टाका दाखवा. बाबांनी ते मला पुन्हा सांगायला लावले, आणि बरा कान माझ्याकडे करून ऐकले. नंतर चष्मा पुसला. काच स्वच्छच होती.

१६ एप्रिल, सोमवार

सकाळी बाबा फोमवाल्यांकडे जाऊन आले. यंत्र राहिले. फोमवाल्यांनी निरोप पाठवला आहे की ताईंना सांगा, एकदा नुसताच बसायला येईन.

दुपारी बाबांनी पिशवी उचलली. मी म्हणाले, "आता कशाला? पैसे मिळाले."

"वर्ष कुठे झालंय अजून?"

आईने खणातून नवी मेणबत्ती काढून त्यांच्या हातात दिली, आणि गुडघ्यांना पट्टी गुंडाळत मला म्हणाली, "आज मावशीकडे तू जा."

मी गेले. नाट्यगृहात मी नेहमी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसत आले आहे. आज एकेका खुर्चीत बसत, उठत पुढे सरकले. बाबा मधल्या वाटेत मान कलती करून उभे होते. रांगांमागून रांगा गेल्या. एकही बोलली नाही. बाबा काहीसे हिरमुसले, असे मला वाटले.

अगदी पहिल्या रांगेत, डावीकडच्या टोकाला, मी बसले आणि खालून बारीकसा आवाज आला. बाबांना तो ऐकू आला नव्हता. ते मागच्या रांगेकडेच पाहत होते. टाळी वाजवायची असते हे मी विसरले.

"ही!" मी म्हणाले.

सभागृह रिकामे होते. तो शब्द वर छतापर्यंत गेला आणि शेवटच्या रांगेला लागून परत आला. पडद्यामागून काका ओरडले, "आलं, ऐकू आलं!"

बाबांनी गुडघे टेकले आणि मेणबत्ती काढली.